बाळाचा ओठ कापायची घाई कशासाठी?

भाची नुकतीच बाळंत झाली आहे. रात्रीची झोप नाही, बाळाला दूध पुरतंय की नाही याची धाकधूक, आणि त्यात काल तिच्या फोनवर एक मेसेज येऊन पडला. ‘जीभ, ओठ आणि गाल, तिन्ही ठिकाणचे टाय पहिल्या महिन्यातच लेझरने कापा. नाहीतर बाळ नीट दूध पिणार नाही, पोटदुखी-गॅसने रात्रभर रडेल, उशिरा बोलेल, दातांत फट राहील. कापल्यावर सहा आठवडे दर चार तासांनी जखम बोटाने ताणा.’ टाय म्हणजे जीभ, ओठ किंवा गाल आतून आखडून धरणारी पातळ घडी. तिने बाळाचा वरचा ओठ उचलून फोटो काढला, मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘मावशी, हेच का गं ते?’

वरचा ओठ हिरडीला जोडणारी ती घडी जवळजवळ प्रत्येक नवजात बाळाला असते. ती दिसली म्हणजे आजार झाला असं नव्हे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2024 मध्ये याच विषयावर सविस्तर अहवाल काढला. ओठाचा किंवा गालाचा टाय कापून स्तनपान सुधारतं याला पुरावा नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. दातांतल्या फटीचं म्हणाल, तर दुधाच्या दातांत फटी असतातच. पुढच्या दातांमधली फट पुष्कळदा अकराव्या-बाराव्या वर्षी कायमचे सुळे आले की आपोआप मिटते. नाहीच मिटली तर तेव्हा दातांचे डॉक्टर बघतील.

मला सगळ्यात जास्त संताप आला तो जखम ताणण्याच्या सल्ल्याचा. काय सांगताय याचा विचार तरी केलाय का? जिभेखालच्या ओल्या जखमेवर आईनेच बोट दाबायचं, झोपलेल्या बाळाला उठवून दाबायचं, ते किंचाळलं तरी थांबायचं नाही. ज्या तोंडाने त्याला प्यायचंय, तिथेच दिवसातून सहा वेळा दुखवायचं. अशाने कधीकधी बाळ तोंडाजवळ काही आणलं की मान फिरवायला लागतं, पाजायला घेतलं तरी ओठ घट्ट मिटून घेतं. म्हणजे ज्या स्तनपानासाठी हा खटाटोप, तेच बिघडायचं. वर जखम पुन्हा चिकटली तर दोष आईचा, तिने नीट ताणलं नाही म्हणून! त्याच अहवालाने हे ताणण्याचे व्यायाम करू नका असं सांगितलंय. साध्या कात्रीपेक्षा लेझर सरस आहे यालाही पुरावा नाही.

आता एक मान्य करावं लागेल. जिभेचा टाय ही काही बनवलेली गोष्ट नाही. काही बाळांची जीभ खरोखर खालच्या हिरडीपुढे येत नाही, रडताना टोक पत्त्यांतल्या बदामासारखं दुभंगतं, आणि पाजताना आईच्या डोळ्यांत पाणी येतं. अशा वेळी नवजात बाळाचा तो पातळ पडदा कात्रीने कापणं हे काही सेकंदांचं काम असतं, आणि बाळाला लगेच पाजता येतं. त्याआधी रक्त गोठायला मदत करणारं व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलंय ना, एवढं मात्र विचारून घ्यावं. वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2017 मध्ये 5 चाचण्या, मिळून 302 बाळं, तपासली. आईचं दुखणं काही काळ कमी झालेलं दिसलं, पण बाळाच्या पिण्यात सातत्याने फरक दिसला नाही. आणि जिभेचा टाय असलेल्या निम्म्याहून जास्त बाळांना पिताना काही अडचण येतच नाही.

उशिरा बोलण्याचा धाक तर निव्वळ घातक आहे. जीभ आखडलेली असेल तर थोड्या मुलांना ल, र असे उच्चार जड जातात, तेही मोठेपणी तपासून ठरवता येतं. पण मूल बोलतच नसेल तर आधी त्याचे कान तपासा. जीभ कापली, आता बोलेल, म्हणून वाट बघत बसलात तर ऐकू न येणाऱ्या मुलाची ती मोलाची वर्षं हातची जातात.

पोटदुखी, गॅस, रात्रीचं रडणं हेही सगळं टायवर ढकललंय. लहान बाळं रडतात.

भाचीला एवढंच सांगितलं, की स्तनपान शिकवणाऱ्या कुणा जाणकाराला शेजारी बसवून एकदा पूर्ण पाजून दाखव. बाळ दिवसाला सहा-सात लंगोट ओले करतंय, जन्माच्या वेळचं वजन भरून निघालंय, तुला पाजताना दुखतही नाही. मग त्याचं कापायचं काय?