विश्नुम पोरोबोचा नातू

पन्नाशीला नोकरी सोडून पोर्तुगालला जाऊन राहायचं, हा बेत मी घरात जाहीर केला त्या दिवशी नेमके ताजे बांगडे आले होते. त्यामुळे माझ्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. बाबांनी ताटातला काटा बाजूला काढत एवढंच विचारलं, "खंय वतलो?" मी म्हटलं, "पोर्तुगालला." ते म्हणाले, "बरें," आणि हिला म्हणाले, "तिरफळं आज थोडी कमी पडली."

बेत मात्र पक्का होता. गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कारखान्यात मी चोवीस वर्षं गोळ्या तपासतोय. फोंड्याहून सकाळी निघायचं, बोरीच्या पुलावर ट्रकच्या मागे उभं राहायचं, संध्याकाळी त्याच पुलावर बहुधा त्याच ट्रकच्या मागे परत उभं राहायचं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माणसाला या ट्रकचा नंबर पाठ असू नये.

कँटीनमध्ये आमचे तरुण सहकारी लवकर निवृत्त होण्याचं शास्त्र सांगतात. वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट पैसे साठवा, त्यातले पहिल्या वर्षी चार टक्के काढा, पुढे महागाईप्रमाणे वाढवत जा, पैसे तीस वर्षं पुरतात. १९९४ साली बेंगेन नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने हा हिशेब मांडला. तो तिथल्या शेअर-रोख्यांवरून होता आणि तीस वर्षांचा होता, हे बारीक अक्षर मी वाचलं नाही असं नाही, पण न वाचल्यासारखं केलं. महिना लाख रुपये, वर्षाला बारा, पंचवीस पट म्हणजे तीन कोटी. एक्सेलमध्ये तीन कोटी लिहून मी त्या चौकोनाला हिरवा रंग दिला. पैसे नव्हते, रंग होता.

मग लिस्बनमधलं घरभाडं पाहिलं. एका खोलीच्या घराला महिना हजार युरोच्या पुढे. युरो शंभर रुपयांच्या आसपास. म्हणजे माझा लाखभर रुपये भाड्यातच गेला, आणि मी लिस्बनमध्ये रिकाम्या घरात उपाशी बसलोय असं एक्सेल सांगू लागलं. भरीस भर, तिथल्या लोकांचं पेन्शनचं वय २०२५ साली ६६ वर्षं ७ महिने. जिथे सगळा देश सदुसष्टीला टेकेपर्यंत काम करतो, तिथे मी पन्नाशीला जाऊन कॉफी पीत बसणार. शेजाऱ्यांना काय वाटेल, हा प्रश्न मी इथे कधी विचारला नव्हता, तिथल्या शेजाऱ्यांबाबत मात्र पडला.

हिने एक्सेलवर एकदाच नजर टाकली. "यातले दीड कोटी माझे," म्हणाली.

हे तिने भांडून म्हटलं नव्हतं, कायद्याने म्हटलं होतं. १८६७चा पोर्तुगीज नागरी कायदा लग्न-मालमत्तेच्या बाबतीत गोव्यात अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोचं सगळं सामाईक, निम्मं निम्मं, आणि घर विकायचं तरी दोघांची सही लागते. लग्नाच्या वेळी रजिस्ट्रारकडे दोनदा जाऊन सही करताना मी काय करत होतो कोण जाणे. बहुधा फोटोवाल्याकडे बघत होतो. "माझे दीड कोटी कुठे जाणार नाहीत," ही म्हणाली, "तुझे जाऊ देत. फोन कर पोचल्यावर."

आता तुम्ही विचाराल, फोंड्याच्या प्रभूंचा पोर्तुगालशी संबंध काय? संबंध बाबांचा. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या हिशेबी त्यांचा नागरिक, आणि त्याची मुलं-नातवंडंही हक्क सांगू शकतात. 'त्याने पासपोर्ट केला' असं कोणी म्हटलं, की पासपोर्ट कुठला हे गोव्यात वेगळं सांगावं लागत नाही. आमच्या वाड्यावरचे दोघे तो करून इंग्लंडात स्विंडनला गेले. ब्रेक्झिटनंतर, २०२० संपताना, ते दार लागलं; पण पोर्तुगालचं उघडंच आहे. मला वाटलं, आपण दोन देशांचे नागरिक होऊ. हिवाळा इथे, उन्हाळा तिथे, आंबे दोन्हीकडे.

मडगावच्या एजंटने पहिल्या पाच मिनिटांत हा भ्रम काढून टाकला. भारतात दुहेरी नागरिकत्व नाहीच. राज्यघटनेचं कलम ९ आणि १९५५चा नागरिकत्व कायदा, दोन्हीकडे तेच: परक्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलंत की इथलं गेलं. मग ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड मिळतं. नावात 'सिटिझन' आहे, पण मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, आणि शेतजमीन किंवा बागायत विकत घेता येत नाही. वारशाने आली तर चालते. म्हणजे बाबांचं कुळागर, आमची माड-पोफळीची बाग, मला मिळू शकतं, पण शेजारचं अर्धं कुळागर विकायला निघालं तर मी फक्त बघायचं. "दोन घरचा पाहुणा," मी पुटपुटलो. "उपाशी ना?" एजंट हसला. "सगळें जातलें. होईल सगळं. तुम्ही कागद आणा. आणि तो पासपोर्ट हातात आला की इथला सरेंडर करायचा."

रात्री बाबांना हे सांगितलं. ते वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "सरेंडर एकसष्ट साली त्यांनी केलं होतं. आता तू करणार?"

बाबांना तो दिवस आठवतो. पळताना पोर्तुगीजांनी पूल उडवले त्याचा आवाज ऐकून त्यांच्या आजीने दरवाजाला आडणा लावला, आणि बाबा मागच्या दाराने जवान बघायला पळाले. पुढे १९६२च्या मार्चमध्ये आदेश निघाला आणि २० डिसेंबरपासूनच सगळे भारतीय झाले. बाबा सोप्यावरून न उठता एका देशातून दुसऱ्या देशात आले. मला मात्र त्यासाठी सव्वीस कागद लागणार होते.

क्रम असा: आधी बाबांचा जन्म लिस्बनला नोंदवायचा, मग आई-बाबांचं लग्न, मग मी. म्हणजे मला पोर्तुगीज व्हायचं तर आधी बाबांना कागदावर पोर्तुगीज करायचं. ते म्हणाले, "करा. पुढच्या निवडणुकीत मत मी इथेच देणार, एवढं त्यांना कळवा." यातलं काय चालेल आणि काय नाही, हे एजंटने सांगितलं ते मी बाबांपर्यंत पोचवलं नाही.

दरम्यान मी फोनवर पोर्तुगीज शिकायला घेतली. नाकातून बोलायची भाषा. मला कायम सर्दी असते, त्यामुळे प्रगती बरी होती. ही म्हणाली, "शिकायचं काय त्यात? चावी, बटाटा, पाव. आणि पगार. पगारसुद्धा त्यांचाच शब्द. तेवढा सोडूनच तू त्यांच्याकडे निघालास."

खरी करामत नावांची. आजोबांचं नाव विष्णू प्रभू. पोर्तुगीज दप्तरात ते 'विश्नुम पोरोबो'. आजी लक्ष्मी ती 'लोशिमिम'. नावाच्या शेवटी स्वर दिसला की त्याला 'म्' चिकटवायचा, अशी त्या काळच्या कारकुनाला खोड असावी. बाबा शाळेत 'रामचंद्र प्रभू', दप्तरात 'रामचोंद्रा', आणि मी माझ्या दहावीच्या दाखल्यावर 'परब', कारण आमच्या हेडमास्तरांना प्रभू फक्त देवळात चालत. तर ही आठ माणसं मुळात चारच आहेत, हे प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं. त्याला 'वन अँड द सेम पर्सन' म्हणतात. नोटरीने विचारलं, "विष्णू आणि विश्नुम एकच, याला पुरावा?" मी म्हटलं, "माझी आजी एकच होती."

शेवटी दप्तरातून बाबांच्या जन्मनोंदीची प्रत आली. जाड कागदावर छापलेल्या रकान्यांची, तपकिरी शाईची, शेपट्यांच्या अक्षरांची. कसरीने मूळ पानाला बोगदा पाडला होता. तो प्रतीतही काळा ठिपका होऊन उतरला होता, बरोबर 'लोशिमिम'च्या शेवटच्या 'म्'वर. कारकुनाची चूक कसरीने सुधारली होती. मला त्यातलं एक अक्षर लागेना. बाबा लहानपणी वर्षभर पोर्तुगीज शाळेत बसले होते. ते म्हणाले, "आण इकडे."

चष्मा पुसून ते सोप्यावर बसले आणि पाढा म्हणावा तसं वाचू लागले. तारीख आकड्यात नव्हती, शब्दात होती. "मिल... नोवेसेंतुश... इ क्वारेंता..." इथे त्यांनी बोट सरकवलं, परत मागे आणलं. "इ ओइतु."

"म्हणजे?"

"अठ्ठेचाळीस."

मी म्हटलं, "पण तुमचा जन्म पन्नासचा ना? १ जून १९५०."

बाबा काही बोलले नाहीत. शाळेत घालताना आजोबांनी अंदाजे वय सांगितलं असणार आणि मास्तरांनी नेहमीची १ जून लिहिली असणार. त्याच तारखेवर बाबा सरकारी शाळेत मास्तर झाले आणि त्याच तारखेवर २०१० साली साठाव्या वर्षी निवृत्त झाले. म्हणजे बासष्टाव्या. मी पन्नाशीला सुटायची धडपड करत होतो, आणि आमच्याच घरात एक माणूस दोन वर्षं जास्त नोकरी करून बसला होता, तेही पूर्ण पगारावर.

"हा कागद कुणी पाहिलाय?" बाबांनी हळू आवाजात विचारलं.

"एजंटने. नोटरीने."

"ते पोर्तुगीज वाचतात?"

"नाही बहुतेक."

त्यांनी प्रतीची चार घड्यांत घडी घातली, उठले, देवघरात गेले. खण उघडल्याचा आणि लावल्याचा आवाज आला. बाहेर येऊन ते पुन्हा सोप्यावर बसले.

"पेन्शन माझं चालू आहे तोवर," ते म्हणाले, "विश्नुम पोरोबोला कोणी ओळखत नाही. उद्या किती वाजता निघतोस वेर्ण्याला?"

"साडेसातला."

"सातला नीघ. बोरीला ट्रक असतात."