साडेचार हजारांचा ‘नुसता कागद’? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

दादा, तुम्ही एवढं मनापासून लिहिलंय की दोन ओळींत ‘धन्यवाद’ म्हणून सोडून देणं बरं वाटेना, पॅकिंगची गडबड होती म्हणून उत्तराला चार दिवस लागले, राग मानू नका.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ‘ऑनलाईन विकताय तर नाव आधी रजिस्टर करा’ (म्हणजे ब्रँडच्या नावाचा ट्रेडमार्क घ्या) या माझ्या मागच्या पोस्टवर दादांचं म्हणणं असं की ताई, तुम्ही छोट्या विक्रेत्यांना उगीच घाबरवताय. साडेचार हजार सरकारी फी, वर एजंटचे पैसे, वर दीड-दोन वर्षं वाट बघायची आणि हातात काय तर कागद. कायदा तसाही आधी वापरणाऱ्याच्या बाजूनं आहे, सुप्रीम कोर्टानं हलव्याच्या केसमध्ये तेच सांगितलंय, उद्यम (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आहे, जीएसटी आहे, डोमेन आपल्या नावावर आहे, मग अजून काय पाहिजे? माझी बायको तीन वर्षं इन्स्टावर खणाच्या पर्स विकते, काही अडलं नाही. आणि शेवटी, ही पोस्ट कुठल्यातरी एजंटची जाहिरात वाटते.

आधी माझी चूक कबूल करते. मी लिहिलं होतं की ‘रजिस्ट्रेशन नसेल तर तुमच्या नावावर तुमचा काहीच हक्क नाही’. हे वाक्य चुकीचं होतं आणि मी ते पोस्टमध्ये दुरुस्त केलंय. ट्रेडमार्क कायदा १९९९ चा, त्यातलं कलम २७ सांगतं की रजिस्टर नसलेल्या मार्कसाठी इन्फ्रिंजमेंटचा, म्हणजे मार्कच्या उल्लंघनाचा, दावा लावता येत नाही, पण त्याच कलमाचा दुसरा भाग म्हणतो की पासिंग ऑफचा हक्क शाबूत आहे, म्हणजे कोणी तुमचं नाव लावून आपला माल तुमचा म्हणून खपवत असेल तर कोर्टात जाता येतं. आणि कलम ३४ प्रमाणे जो आधीपासून सलग वापरतोय त्याला नंतर रजिस्टर करणारा हटवू शकत नाही. इथपर्यंत तुमचं शंभर टक्के बरोबर.

पण हलव्याची केस पूर्ण वाचा. तिरुनेलवेलीचा तो इरुट्टुकडई हलवा, २०१५ चा निकाल. आधी वापरणाऱ्याचा हक्क मोठा, हे कोर्टानं म्हटलंच. पण त्या दुकानाचं नाव पिढ्यान् पिढ्या लोकांच्या तोंडात होतं, आणि रजिस्ट्रेशन दोन्ही बाजूंकडे होतं, एकीकडे होतं नि दुसरीकडे नव्हतं असं नाही. शिवाय हे ठरायला प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. तुमच्या-माझ्यासारख्यानं त्या निकालाच्या भरवशावर बसायचं म्हणजे तिथपर्यंत जायची तयारी ठेवायची.

डोमेनचं पण तसंच. डोमेन विकणारा फक्त एवढंच बघतो की तेच स्पेलिंग दुसऱ्या कोणी घेतलंय का, नाव कोणाचं आहे हे तो बघत नाही. १९९९ साली आपल्या मुंबई हायकोर्टात रेडिफ या वेबसाईटवाल्यांनी रॅडिफ नावाच्या डोमेनवाल्याला थांबवलं, एका अक्षराचा फरक होता, आणि डोमेन रीतसर घेतलेलं होतं, तरी थांबावं लागलं. रेडिफ पासिंग ऑफवरच जिंकलं हे तुमच्या बाजूनं जातं, मान्य, पण तेव्हा रेडिफचं नाव लोकांच्या ओळखीचं होतं म्हणून जिंकलं. पासिंग ऑफमध्ये हे सगळं आपल्याला सिद्ध करावं लागतं, की नाव लोकांच्या ओळखीचं झालंय, समोरच्यामुळं गिऱ्हाइकाची फसगत होतेय, आपलं नुकसान होतंय. दोन वर्षांच्या धंद्यानं ओळख कशी सिद्ध करायची हो? उद्यम, जीएसटी, फूड लायसन्स हे सगळं तुम्ही धंदा करताय याची नोंद आहे, नाव तुमचं आहे याची नाही.

आता मी एवढं तळमळून का लिहिते ते सांगते, मागच्या पोस्टमध्ये हे टाळलं होतं. चार वर्षांपूर्वीची दिवाळी. मी गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची आणि चकलीची भाजणी विकते हे तुम्हाला माहीत आहे. नवरात्र संपत आलं होतं आणि नागपूरच्या एका काकूंचा फोन आला, की अगं तुझी भाजणी खवट निघाली, चकली तेलात सोडली की विरघळतेय. मी म्हटलं काकू ऑर्डर नंबर सांगा, तर तो माझ्याकडं नव्हताच. मग मी जिथं विकते ती शॉपिंग साईट उघडून बघितली तर माझ्याच लिस्टिंगवर, म्हणजे मालाच्या पानावर, दुसरा एक विक्रेता येऊन चिकटलेला, अर्धा किलो माझी दोनशे ऐंशी, त्याची एकशे नव्व्याण्णव, त्यामुळं खरेदीचं बटण दाबलं की माल त्याचा जाणार. सेलर लोक याला लॅचिंग म्हणतात.

मी बहिणीच्या पत्त्यावर एक पाकीट मागवलं. ते पाकीट अजून जपून ठेवलंय. माझ्या लेबलचा साईटवरचा फोटो जसाच्या तसा छापलेला, कडा जरा धूसर. मी तो फोटो जुलैत काढला होता, त्यात बॅच नंबर ०१७ आणि जुलैची पॅकिंगची तारीख दिसत होती, तर ऑक्टोबरात आलेल्या या पाकिटावर पण बॅच ०१७ आणि तीच तारीख, आणि खाली माझा चौदा आकडी फूड लायसन्स नंबर! म्हणजे उद्या कोणाच्या पोटात दुखलं असतं तर नोटीस मला आली असती. आत भाजणी पांढरट, डाळ-तांदूळ न भाजताच दळलेले, धण्या-जिऱ्याचा वास नावाला नाही. आमच्या सासूबाईंनी चिमूटभर तोंडात टाकली आणि काही न बोलता पाकीट बाजूला ठेवलं, आणि ब्रँडला नाव त्यांच्या माहेरच्या वाड्याचं आहे.

मग तक्रार करायला बसले. ते पान मला पाठ आहे दादा. विक्रेत्याचं नाव, लिंक, फोटो, सगळं भरलं आणि खाली एक रकाना, लाल चांदणीवाला, ‘ट्रेडमार्क रजिस्ट्रेशन नंबर’. तो रिकामा ठेवला तर फॉर्म पुढंच जाईना. तिथं कलम ३४ लिहायला जागा नाही. मी दोन वर्षांची बिलं, लायसन्स, पाकिटांचे फोटो सगळं मेलवर पाठवलं, तिसऱ्या दिवशी तोच ठरलेला मजकूर, कृपया ट्रेडमार्क नंबर कळवा. फोटो माझे होते म्हणून कॉपीराइटची तक्रार वेगळी केली, त्याला रजिस्ट्रेशन लागत नाही, फोटो उतरले, पण त्यानं नवे फोटो लावले आणि नाव तसंच राहिलं. वकिलांना विचारलं तर ते म्हणाले पासिंग ऑफ होईल, बिलं-जाहिराती-गिऱ्हाइकांचे मेसेज गोळा करा. मी गोळा करत बसले तोवर तुळशीचं लग्न होऊन गेलं. फराळाच्या मालाचा सीझन तीन-चार आठवड्यांचा, माझं वर्षभराचं अर्धं उत्पन्न त्यात, आणि रेटिंग चार पूर्णांक चारवरनं तीनच्या आसपास आलं ते वर यायला पुढचं वर्ष गेलं.

माझं म्हणणं एवढंच आहे दादा, कोर्टात तुमचं खरं असेल, पण ऑनलाईन धंद्यात आपलं भांडण कोर्टापर्यंत पोचायच्या आत तक्रारीच्या त्या पानावर संपतं, आणि तिथं पुरावा तोलणारं कोणी बसलेलं नसतं, नंबर आहे की नाही एवढंच बघतात. अॅमेझॉनच्या ब्रँड रजिस्ट्रीत, म्हणजे ब्रँडवाल्यांच्या यादीत, नाव घालायचं तरी ट्रेडमार्कचीच माहिती लागते. आणि लॅचिंग माझ्या एकटीच्याच नशिबी आलं असं नाही, २०२२ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली हायकोर्टानं फ्लिपकार्टला व्ही ट्रॅडिशन या कपड्यांच्या ब्रँडच्या लिस्टिंगला इतर विक्रेत्यांना चिकटू द्यायला मनाई केली. पण त्यासाठी त्या ब्रँडवाल्याला हायकोर्टात जावं लागलं. सांगलीतनं मी कुठं जाणार? रजिस्टर्ड मार्क असेल तर निदान कलम १३४ आहे, इन्फ्रिंजमेंटचा दावा आपला धंदा जिथं चालतो तिथल्याच जिल्हा न्यायालयात लावता येतो.

वेळ लागतो म्हणालात, खरंय, माझं दीड वर्ष गेलं. पण नोंदणी झाली की हक्क धरला जातो तो अर्जाच्या तारखेपासून, सर्टिफिकेट हातात आल्याच्या तारखेपासून नाही. म्हणून अर्ज लवकर करा म्हणते. मधल्या काळात नावापुढं टीएम (™) लावता येतं, गोलातला आर (®) मात्र नोंदणी होईपर्यंत लावू नका, कलम १०७ खाली अंगाशी येईल, इन्स्टावर कितीतरी जण हौसेनं लावतात. आणि अर्जाच्या स्टेटसमध्ये ‘ऑब्जेक्टेड’ दिसलं की लोकांचं धाबं दणाणतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, तपासणी अधिकाऱ्यानं शंका काढलीय इतकंच, महिन्याच्या आत उत्तर द्यायचं, ते मात्र चुकवायचं नाही. ‘ऑपोज्ड’ वेगळं. मार्क ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या दर सोमवारी निघणाऱ्या जर्नलमध्ये छापला की चार महिन्यांत कोणीही हरकत घेऊ शकतं, ते खरं भांडण.

फीचं म्हणाल तर एकट्याच्या नावानं किंवा लघुउद्योग, स्टार्टअप म्हणून ऑनलाईन अर्ज केला तर एका क्लासला, म्हणजे मालाच्या एका वर्गाला, ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,०००. दहा वर्षं चालतं, मग रिन्यूअल ९,०००. क्लास मात्र नीट बघा, पैसे तिथंच वाया जातात. मसाला, भाजणी, पापड हे ३० मध्ये आणि लोणचं २९ मध्ये, हे मला आधी ठाऊकच नव्हतं. दुसऱ्यांचा माल आपल्या दुकानाच्या नावानं विकत असाल तर ३५.

आता एजंटच्या जाहिरातीबद्दल. हे मला लागलं, खरं सांगते, कारण माझा पहिला अर्ज एका एजंटनंच बिघडवला. फॉर्ममध्ये विचारतात मार्क कधीपासून वापरताय, की पुढं वापरणार आहात. मी दोन वर्षं विकत होते, आणि त्यानं ‘प्रपोज्ड टू बी यूज्ड’ टाकून दिलं, का तर वापराची तारीख टाकली की प्रतिज्ञापत्र करावं लागतं, बिलं जोडावी लागतात, तेवढी मेहनत नको. म्हणजे तुम्ही ज्या आधीच्या वापराच्या हक्काबद्दल बोलताय तो माझ्याच अर्जात मी सोडून दिल्यासारखं झालं. माझ्या लक्षात आलं तेव्हा दुसरा अर्ज केला, पुन्हा फी भरली. पोस्टमध्ये एकाही एजंटचं नाव नाही, कोणी मेसेजमध्ये विचारलं तरी मी देत नाही. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साईटवर नाव शोधायला पैसे पडत नाहीत, फोनेटिक सर्च पण आहे, तो जरूर करा, कारण आपलं एकच मराठी नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये चार तऱ्हांनी लिहिलं जातं आणि कायदा कानाला कसं ऐकू येतं तेही बघतो.

आणि एका बाबतीत तुमच्याशी सहमत आहे, सगळ्यांनी लगेच धावत सुटायची गरज नाही. हौस म्हणून दिवाळीपुरतं विकणाऱ्यांनी नाही केलं तरी चालेल. ज्यांचं नावच ‘घरगुती मसाले’, ‘शुद्ध’, ‘अस्सल मालवणी’ असं आहे त्यांनी आधी नावाचा विचार करावा, कलम ९ खाली अशी मालाचं नुसतं वर्णन करणारी किंवा गावाची नावं अडकतात, आणि ती फी परत मिळत नाही. नुसतं आडनाव पण कच्चंच, त्याच आडनावाचा दुसरा प्रामाणिकपणे आपलं नाव वापरत असेल तर कलम ३५ प्रमाणे त्याला थांबवता येत नाही.

गेल्या वर्षी गणपतीनंतर माझ्या मेतकुटाला परत एक जण चिकटला. त्याच पानावर गेले, त्या लाल चांदणीच्या रकान्यात नंबर टाकला, चौथ्या दिवशी तो उतरला. दर वेळी चार दिवसांत होईल असं मी म्हणणार नाही, पण फॉर्म पुढं गेला.

वहिनींचं सांगते. पर्स १८ मध्ये येतात, खणाचे ब्लाऊज शिवणार असतील तर २५ पण बघा. नाव ‘खण’ शब्दानंच सुरू होतं म्हणालात, तर त्याच्या पुढच्या शब्दात दम आहे का ते बघायला हवं, कारण खण कोणा एकाचा होऊ शकत नाही. आणि अर्ज करा न करा, आज एवढं करा, त्यांचं पहिलं बिल किंवा पहिल्या गिऱ्हाइकाचं पेमेंट कुठल्या तारखेचं आहे ते शोधून, पेजवरच्या सगळ्यात जुन्या पोस्टचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढून मेलवर ठेवून द्या. फोन बदलला की पहिलं तेच जातं. पुढचा शब्द मेसेजमध्ये कळवा, फोनेटिक सर्च मी पण करून बघते.