‘विमानतळावरची तपासणी म्हणजे नाटक’ म्हणणाऱ्यांना एका विमान मेकॅनिकचं उत्तर

गेले काही दिवस एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. माझ्याकडे तो तीन ग्रुपांवरून आला. शेवटी भाच्याने पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, हे खरं आहे का?’ मी तीस वर्षं मुंबईत विमानांच्या देखभालीचं काम केलं, त्यातलं बरंचसं रात्रपाळीत, एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करतात त्या जागेवर, उभं राहून. त्यामुळे एका ओळीत ‘खोटं आहे’ म्हणून विषय संपवावासा वाटेना.

मजकुराचा सारांश असा. विमानतळावरची सुरक्षा तपासणी निव्वळ दिखावा आहे. विमानं पडतात ती बिघाडाने, प्रवाशाच्या बाटलीने नाही. अमेरिकेत तर सुरक्षा निरीक्षकानेच नऊ विमानं निकामी केली आणि प्रवासी थोडक्यात वाचले. तिथल्याच चाचण्यांत ही तपासणी 95 टक्के नापास झाली. पॉवर बँक खालच्या सामानात चालत नाही, पण केबिनमध्ये चालते, याला काही अर्थ नाही. वैमानिकांचीही झडती घेऊन त्यांचा अपमान करतात. तेव्हा हे सगळं बंद करून तो पैसा विमानांच्या दुरुस्तीला द्या.

यातली नऊ विमानांची गोष्ट माझ्या कामाच्या फार जवळची आहे, म्हणून आधी तीच घेतो.

घटना खरी आहे. ऑगस्ट 2008, शिकागोचा ओहेअर विमानतळ. तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याचा, म्हणजे टीएसएचा, एक निरीक्षक रात्री उभ्या असलेल्या विमानांची तपासणी करत होता. विमानाजवळ कोणी नसताना बाहेरचा माणूस आत शिरू शकतो का, एवढंच त्याला पाहायचं होतं. विमानं अमेरिकन ईगलची, एम्ब्राएर बनावटीची, लहान जेट. वर चढायला त्याने कॉकपिटच्या खिडकीखालून बाहेर आलेला एक धातूचा तुकडा हाताने धरला. त्याच्या दृष्टीने ती मूठ होती. प्रत्यक्षात तो होता टीएटी प्रोब, हवेचं तापमान मोजणारा. नऊ विमानं तपासणीसाठी थांबवावी लागली आणि सुमारे 40 उड्डाणांना उशीर झाला.

मजकुरात इथेच भर घातली आहे. ‘प्रवासी थोडक्यात वाचले’ हे खरं नाही. विमानं उडण्याआधीच थांबवली होती. आणि टीएसएने सांगितलेली दुसरी बाजू मजकुरातून गाळली आहे : त्या नऊपैकी सात विमानांच्या आत निरीक्षकाला जाता आलं. रात्री उघड्यावर उभ्या असलेल्या सात विमानांत एक माणूस सहज शिरतो, ही गोष्ट किरकोळ नाही. म्हणजे त्या रात्री तपासणीने एक खरी त्रुटी शोधली आणि त्याच हाताने दुसरा धोका निर्माण केला.

तो तुकडा इतका महत्त्वाचा का? विमान वेगात असताना समोरची हवा प्रोबवर आदळून दबते आणि तापते. त्या तापलेल्या हवेचं तापमान प्रोब मोजतो, आणि त्यावरून संगणक बाहेरचं खरं तापमान आणि विमानाचा खरा वेग काढतो. इंजिनाला किती जोर द्यायचा, पंखांवर बर्फ धरण्याची शक्यता आहे का, हे याच आकड्यावर ठरतं. शेजारीच पिटो ट्यूब नावाची नळी आणि स्टॅटिक पोर्ट नावाची छिद्रं असतात, वेग आणि उंची सांगणारी. माणसाच्या वजनाने यातलं काही वाकलं तर बाहेरून कदाचित दिसणारही नाही, आणि कॉकपिटमध्ये मात्र चुकीचे आकडे येतील.

हे पुस्तकी भय नव्हे. 2 ऑक्टोबर 1996 रोजी पेरूची राजधानी लिमाहून एरोपेरूचं बोइंग 757 उडालं. विमान धुताना स्टॅटिक पोर्टवर चिकटपट्टी लावली होती, ती काढायची राहून गेली होती. रात्रीच्या अंधारात समुद्रावर वैमानिकांना ना खरी उंची कळली, ना खरा वेग. 70 माणसं गेली. एका चिकटपट्टीने. त्याच वर्षी फेब्रुवारीत डॉमिनिकन रिपब्लिकहून निघालेलं बर्गनएअरचं विमान पिटो ट्यूब बुजल्यामुळे पडलं, 189 माणसं गेली.

आता माझा स्वतःचा अनुभव. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी रात्रपाळीला एका विमानाची सुरक्षा झडती चालू होती. पावसाची रिपरिप. एक तरुण सुरक्षा कर्मचारी शिडीच्या टोकावर उभा राहून टॉर्च मारत होता. त्याचा पाय घसरला आणि तोल सावरायला त्याने हात टाकला तो नेमका पिटो ट्यूबवर. पाच सेकंदांची गोष्ट. कोणी पाहिलं नव्हतं. तो खाली उतरला, सरळ माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘साहेब, त्या नळीला माझा हात लागला. जोरात लागला.’ मी आणि माझे सीनियर वर चढलो, भिंगाने नळीचं तोंड पाहिलं, बोटाने कडा चाचपली, गळतीची चाचणी केली, लॉगबुकात नोंद केली. विमान पाऊण तास उशिरा सुटलं. वरून ओरडा बसला तो आम्हालाच, उशिराबद्दल. त्या पोराने गप्प बसायचं ठरवलं असतं तर त्याला कोणीही पकडलं नसतं. आजही विमानात बसलो की मला तो आठवतो.

म्हणून शिकागोच्या घटनेवरून ‘तपासणी बंद करा’ हे अनुमान मला पटत नाही. विमानाला हात लावणाऱ्या प्रत्येकाला, मग तो गणवेशातला अधिकारी असो की झाडूवाला, काय धरायचं नाही हे माहीत हवं. चढायचं तर शिडी हवी. आणि हात लागलाच तर तसं सांगण्याची मोकळीक हवी. ही मागणी करा, मी तुमच्याबरोबर सही करतो.

मला वाटतं या गोंधळाचं एक मूळ आपल्या भाषेतही आहे. घातपातापासून बचाव आणि यंत्राची बिनचूक अवस्था या दोन्हींना आपण सरसकट ‘सुरक्षा’ म्हणतो. रेल्वेच्या हिंदी पाट्यांवर यंत्राच्या बाबतीत ‘संरक्षा’ असा वेगळा शब्द दिसतो. बोलताना आपल्याकडे तो फरक उरलेला नाही. कामं मात्र वेगळी आहेत. आपल्याकडे विमान उडण्यालायक आहे का हे डीजीसीए पाहतं. घातपात रोखण्याचे नियम बीसीएएस करतं, आणि बहुतेक मोठ्या विमानतळांवर दारात झडती घेणारे जवान सीआयएसएफचे. अहमदाबादला 12 जून 2025 रोजी विमान पडलं तेव्हा बॅगांची तपासणी काय कामाची होती, असं मजकुरात विचारलंय. 241 माणसं विमानातली आणि खाली जमिनीवरची आणखी, इतकी माणसं गेलेल्या अपघाताचा असा वापर पाहून मला वाईट वाटलं. बॅगांच्या तपासणीचा त्या अपघाताशी संबंधच नाही. दाराला कडी घातली म्हणून छप्पर गळायचं थांबत नाही, पण छप्पर गळतंय म्हणून कडी कोणी काढून टाकत नाही.

‘विमानं बाटलीने पडत नाहीत.’ 11 डिसेंबर 1994. मनिलाहून सेबूमार्गे टोकियोला निघालेलं फिलिपीन एअरलाइन्सचं जंबो. रम्झी युसुफ नावाच्या माणसाने कॉन्टॅक्ट लेन्सच्या द्रावणाच्या बाटलीतून स्फोटक द्रव आत नेला, बॉम्ब जोडून सीटखाली ठेवला आणि स्वतः सेबूला उतरून गेला. पुढच्या टप्प्यात स्फोट झाला, एक जपानी प्रवासी मेला, विमानाच्या नियंत्रणाच्या तारांना इजा झाली. वैमानिकांनी ते कसंबसं ओकिनावाला उतरवलं. ती मोठ्या कटाची रंगीत तालीम होती. 2006 च्या ऑगस्टमध्ये लंडनला शीतपेयाच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेण्याचा कट पकडला गेला, आणि तेव्हापासून केबिनमधल्या द्रवांना 100 मिलिलिटरच्या बाटलीचा नियम आला. आपल्याकडे देशांतर्गत विमानात पाण्याची बाटली नेता येते. ही मर्यादा आंतरराष्ट्रीय प्रवासाला आहे. मजकूर लिहिणाऱ्याला हेही माहीत नसावं.

पण या मुद्द्याचं खरं उत्तर बाटलीत नाही, ‘कनिष्क’मध्ये आहे.

23 जून 1985. एअर इंडियाचं ‘कनिष्क’ आयर्लंडजवळ अटलांटिकवर फुटलं. 329 माणसं गेली, त्यांत मुलं कितीतरी. बॉम्ब होता एका सूटकेसमध्ये. ती व्हँकुव्हरला ‘एम. सिंग’ या नावाने चेक-इन झाली. त्याचं पुढचं तिकीट पक्कं नव्हतं, नियमाने बॅग पुढे पाठवायला नको होती. पण तो काउंटरवर अडून बसला, मागे रांग लांब होती, आणि बॅग घेतली गेली. माणूस विमानात बसलाच नाही. टोरोंटोला बॅगा तपासणारं एक्स-रे यंत्र त्या दिवशी मध्येच बंद पडलं, तेव्हा हातात धरायच्या, स्फोटकं शोधणाऱ्या एका यंत्राने बॅगा हुंगायला सुरुवात झाली. ते यंत्र वाजल्याचंही पुढे चौकशीत आलं. तरीही बॅग चढली. विमानात तांत्रिक दोष नव्हता. माझ्या हुद्द्यावरचा कोणताही माणूस त्या रात्री ते विमान वाचवू शकला नसता. वाचवू शकली असती ती फक्त काउंटरवरची आणि बॅगांच्या पट्ट्यावरची माणसं.

नव्वदच्या दशकात प्रवास केलेल्यांना आठवेल : विमानाच्या पायथ्याशी उन्हात बॅगांची रांग मांडलेली असायची. प्रत्येकाने जाऊन आपली बॅग दाखवायची, कर्मचारी खडूने खूण करायचा, मगच ती पोटात चढायची. बिनखुणेची उरली तर ती तिथेच राहायची. लोक वैतागायचे. त्या वैतागामागे ती 329 माणसं होती. आता ते काम संगणक करतो : प्रवासी चढला नाही तर त्याची बॅग खाली काढतात. गेटवर ‘एका प्रवाशाचं सामान उतरवत असल्याने उशीर होत आहे’ असं ऐकलंत की ते याचसाठी.

अपहरणांचंही तसंच. एकट्या 1993 मध्ये आपल्याकडे अनेक अपहरणं झाली. 24 डिसेंबर 1999 रोजी काठमांडूहून निघालेलं आयसी-814 कंदाहारला नेलं गेलं. 2000 पासून, जयपूरपासून सुरुवात करून, विमानतळांवर सीआयएसएफ आली. त्यानंतर एकही भारतीय प्रवासी विमान असं पळवून नेता आलेलं नाही. याचं सगळं श्रेय झडतीला देता येणार नाही, कॉकपिटचे दरवाजेही आता बंद आणि भक्कम असतात. पण तिला शून्य श्रेय देणं हा तिथे उभ्या जवानांवर अन्याय आहे.

95 टक्के नापास हा आकडा खरा आहे. 2015 मध्ये अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याच्याच गुप्त पथकाने 70 वेळा नकली शस्त्रं आणि स्फोटकं नेऊन पाहिली, 67 वेळा ती निसटली. लाजिरवाणा आकडा. टीएसएच्या प्रमुखाला हलवलं, कर्मचाऱ्यांना पुन्हा शिकवलं. आमच्या कामात नियंत्रणाच्या तारांना हात लावला की दुसरा इंजिनिअर स्वतंत्रपणे तपासतो. त्याला माझी चूक सापडली तर माझं काम सुधारतात. कोणी म्हणत नाही की आता तारा तपासूच नका.

वैमानिकांची झडती. 7 डिसेंबर 1987 रोजी कॅलिफोर्नियात पीएसए 1771 या विमानात कामावरून काढलेला एक कर्मचारी पिस्तूल घेऊन चढला. त्याचं ओळखपत्र काढून घेतलेलं नव्हतं, आणि ओळखपत्रवाल्याला कोणी तपासत नसे. विमान पडलं, 43 माणसं गेली. मीही रोज झडती देऊनच आत जायचो, टूलबॉक्सचा एकेक पाना मोजून. मला त्यात कधी अपमान वाटला नाही.

पैशाचं थोडक्यात : सुरक्षेचं शुल्क तिकिटावर वेगळं लागतं. ते बंद झालं म्हणून कोणत्याही कंपनीच्या हँगरमध्ये एक रुपयाही जास्त जाणार नाही.

राहता राहिली पॉवर बँक. लिथियमचा सेल आतून तापत सुटला की तो स्वतःच उष्णता तयार करतो आणि शेजारचे सेल पेटवतो. सामानाच्या कप्प्यात हॅलॉन वायू सोडायची सोय असते. तो ज्वाळा विझवतो, पण सेलच्या आतली उष्णता थांबवत नाही, आणि तिथे हात पोचत नाही. केबिनमध्ये धूर लगेच दिसतो, कर्मचारी पाणी ओतून तो थंड करू शकतात. 3 सप्टेंबर 2010 रोजी दुबईला यूपीएस या कुरिअर कंपनीचं मालवाहू जंबो लिथियम बॅटऱ्यांच्या आगीनंतर कोसळलं, दोन्ही वैमानिक गेले. 28 जानेवारी 2025 रोजी कोरियातल्या बुसानला एअर बुसानचं विमान उड्डाणाआधी पेटलं. आग डोक्यावरच्या कप्प्यातून सुरू झाली आणि तपासात संशय पॉवर बँकेवर आला. विमान जमिनीवर होतं म्हणून आतले सगळे 176 जण बाहेर पडू शकले.

नियम 100 वॉट-तासांपर्यंतचा आहे. 20,000 एमएएचची नेहमीची पॉवर बँक 74 वॉट-तास भरते, म्हणजे चालते. ती डोक्यावरच्या कप्प्यात नको, अंगाजवळ ठेवा. फुगलेली असेल तर घरीच राहू द्या. आणि विमान भरलं म्हणून गेटवर तुमची केबिन बॅग खाली टाकायला मागितली, तर ती देण्याआधी चेन उघडा आणि पॉवर बँक काढून घ्या. त्या घाईत तिथे कोणी आठवण करून देईलच असं नाही. भाच्यालाही मी हेच लिहून पाठवलंय.