‘फॉरमॅट मारा आणि सुटा’ म्हणणाऱ्या भाऊंना

नमस्कार भाऊ,

बूट न होणारा लिनक्स सर्व्हर कसा उठवायचा यावर मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही कडक लिहिलंत, पण मुद्द्याला धरून लिहिलंत. मागून येणाऱ्यांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. एक, बूट न होणाऱ्या सर्व्हरशी झटत बसण्यापेक्षा फॉरमॅट मारावा, फार तर त्याआधी एकदा एफएससीके (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवून पाहावं. दोन, खेड्यात सर्व्हर ठेवूच नये, सगळं क्लाउडवर न्यावं. तीन, एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठली डिस्क कुठे जोडायची याची यादी) ‘नोफेल’ (ही डिस्क नसली तरी बूट थांबवू नको) लिहा हा माझा सल्ला घातक आहे. यातला तिसरा खरा वजनदार. बाकीचे दोन आधी उरकतो.

तुमच्याकडे पुण्यात एकसारख्या मशीन असतात, डेटा वेगळ्या जागी असतो, नवीन इन्स्टॉल स्क्रिप्टने होतं. तिथे तुमचं गणित बरोबर आहे. मी लिहिलं होतं ते आर्वीकडच्या एका जिनिंगमधल्या डब्याबद्दल. काट्याच्या खोलीत ठेवलेला, आत रुईची धूळ. कापसाच्या वजनाच्या पावत्या, कोणाचे किती चुकारे बाकी, सगळं त्याच्याच डिस्कवर. हंगामात फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागलेली असते आणि लाइन केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. लाइन गेली की नेटही जातं, पण काटा इन्व्हर्टरवर चालू ठेवावा लागतो. म्हणून बॅकअपची एक प्रत क्लाउडवर जरूर जावी, पण पावती गावातल्याच मशीनवर फाटली पाहिजे. क्लाउडबद्दल एवढंच.

आता फॉरमॅट. दिवाणजींचा फोन आला तेव्हा त्यांचे शब्द होते, “भाऊ, मशीन उठूनच नाही रायली, काळ्या पडद्यावर काहीतरी इंग्रजी येऊन थांबते.” मी फक्त पडद्याचा फोटो मागितला, कारण मशीन कुठल्या टप्प्यावर अडली हे तिथेच लिहिलेलं असतं. ग्रबचा (कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेनू दिसला म्हणजे फर्मवेअरला बूटची डिस्क सापडली. रूट फाइलसिस्टिम (सिस्टिमची मुख्य फाइलसिस्टिम) माउंट होत नाही, म्हणजे जोडली जात नाही, म्हणून कर्नल पॅनिक आला (कर्नलच थांबला), तर पुष्कळदा बूटचं विभाजन भरून नव्या कर्नलचा इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी तात्पुरती फाइलसिस्टिम) अर्धवट राहिलेला असतो. ग्रबमधून जुना कर्नल निवडला की मशीन उठते. आणि दिवाणजींच्या फोटोत होतं तसं ‘इमर्जन्सी मोड’ दिसलं, तर कर्नल ठीक आहे, रूट ठीक आहे, सिस्टिमडी (सगळ्या सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्रॅम) जागा आहे. तो एफएसटॅबमधल्या कुठल्यातरी डिस्कची ९० सेकंद वाट पाहून थांबलाय. अशा मशीनवर फॉरमॅट मारायचा तो कशासाठी?

इथे डेबियनची एक खोड आहे. रूटचं (मुख्य प्रशासकाचं) खातं कुलूपबंद असेल तर इमर्जन्सी मोडमध्येही तो आत घेत नाही, आणि माणसाला वाटतं आता सगळं संपलं. ग्रबमध्ये ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘इनिट=/बिन/बॅश’ जोडलं की आत जाता येतं. मग रूट लिहिण्याजोगं करून पुन्हा माउंट करायचं आणि एफएसटॅब सुधारायचा.

त्या मशीनमध्ये न सापडणारी डिस्क रात्रीच्या बॅकअपची होती. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदी) साटाच्या, म्हणजे डिस्कच्या केबलच्या, जोडणीच्या चुका रांगेने पडलेल्या. स्मार्टमध्ये (डिस्कचा स्वतःच्या तब्येतीचा अहवाल) रीअॅलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले) शून्य, पण यूडीएमए सीआरसी एरर (केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका) वाढत चाललेले. म्हणजे डिस्क चांगली, केबल खराब. केबल बदलली, काम झालं. फॉरमॅट मारला असता तर पावत्या गेल्या असत्या आणि केबल जागच्या जागी राहिली असती. अशा डिस्कवर डोळे मिटून ‘हो, हो’ म्हणत एफएससीके चालवणं तर त्याहून वाईट: वाचलेलंच जिथे खात्रीचं नाही, तिथे दुरुस्ती म्हणून लिहिणार काय? आणि फाइलसिस्टिम एक्सएफएस असेल (रेड हॅटमध्ये २०१४ च्या सातव्या आवृत्तीपासून डीफॉल्ट तीच) तर एफएससीके काही न करताच यशस्वी म्हणून बाहेर पडतं. तिथे एक्सएफएस-रिपेअर लागतं.

आता ‘नोफेल’. तुम्ही म्हणता, डिस्क नसतानाही मशीन गुपचूप वर येईल, बॅकअप माउंट पॉइंटच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे रूट डिस्कवरच पडत राहील, आणि एक दिवस रूट भरेल. अगदी असंच होतं. पण नोफेल काढलं तर बॅकअपच्या डिस्कपायी काटा बंद पडतो आणि इमर्जन्सी मोडमध्ये एसएसएचही (दुरून आत जायची सोय) नसतं, मी नागपुरात बसून काय करणार? म्हणून नोफेल ठेवायचं, पण एकटं नाही. डिस्क अनमाउंट असताना त्या रिकाम्या फोल्डरला ‘चॅटर +आय’ लावून ठेवा. मग त्यात रूटलाही लिहिता येत नाही, वर डिस्क मात्र नेहमीसारखी माउंट होते. बॅकअपच्या सर्व्हिस युनिटमध्ये ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’ देऊन तो मार्ग लिहा. माउंट नसेल तर सर्व्हिस सुरूच होत नाही आणि सिस्टिमच्या लॉगमध्ये ‘डिपेंडन्सी फेल्ड’ अशी नोंद पडते. डेटाबेस वेगळ्या डिस्कवर असेल तर त्यालाही हेच लावा. मशीन वर येईल, दुरून आत जाता येईल, पण डेटाबेस खोट्या जागी उघडणार नाही. सोबत डिव्हाइस टाइमआउट १० सेकंदांवर आणला की रांगेतल्या गाडीवाल्यांची बोलणीही कमी खावी लागतात.

पटत नसेल तर एखाद्या व्हर्च्युअल मशीनला दुसरी डिस्क जोडा, एफएसटॅबमध्ये तिच्या यूयूआयडीचं (डिस्कच्या ओळखक्रमाचं) एक अक्षर मुद्दाम बदला आणि नोफेलसह व नोफेलशिवाय बूट करून पाहा. एवढं करूनही बॅकअप रूटवर पडलेला दिसला, तर एफएसटॅबची ओळ आणि युनिटची फाइल दोन्ही इथे टाका, मी बघतो.