प्रतिक्रियेला उत्तर : "बायको गावाकडं काय करत होती?"

ताई,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसले होते, पण रागात काहीतरी लिहून जाईन अशी भीती वाटली म्हणून दोन दिवस थांबले. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी ती थोडक्यात इथं देते. तुम्ही लिहिलंय : "नवरा परळला रक्ताच्या कॅन्सरनं अंथरुणाला खिळलेला असताना बायको बारा दिवस गावी येऊन सोयाबीन काढत बसते आणि उशाशी दिराला बसवते. मग 'आम्ही दोघांनी निभावलं' असं कशाला लिहायचं? सोबत म्हणजे उशाशी बसणं." खाली सही केलीय, 'एक बहीण'. म्हणून मीही ताई म्हणते.

त्या बारा दिवसांबद्दल मी मागच्या लेखात फक्त दोन ओळी लिहिल्या होत्या. चूक माझीच आहे. आज सगळं सांगते.

२०२४च्या गौरी उठल्या आणि चार दिवसांनी ह्यांना ताप आला. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं, दंडावर कुणी चिमटे काढल्यासारखे निळे डाग. शहरातल्या एका दवाखान्यात दाखवलं. प्लेटलेट कमी, म्हणजे डेंगी, असं सांगितलं. त्या दिवसांत घरटी डेंगीचा पेशंट होता, आम्हालाही पटलं. तीन दिवस सलाईन झालं, प्लेटलेट काही वर येईनात. चौथ्या दिवशी रक्त तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी काचपट्टी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि मला आत बोलावलं. म्हणाल्या, "आज रात्रीच्या गाडीनं मुंबईला निघा. उद्यावर टाकू नका." त्या बाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. आजाराचं नाव मोठं आहे, ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. ह्या आजारात पहिल्या दिवसांतला खरा धोका रक्तस्रावाचा असतो. मेंदूत रक्त उतरलं तर माणूस तासाभरातही जाऊ शकतो. पण तेवढे पहिले आठवडे निभावले, तर रक्ताच्या कॅन्सरांमध्ये बरं होण्याची आशा सगळ्यात जास्त ह्यातच, हेही डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. ते वाक्य मी पदराला गाठ मारावी तसं धरून ठेवलं होतं.

लातूर एक्स्प्रेसनं निघालो. हे खालच्या बर्थवर, मी रात्रभर त्यांच्या पायाशी. गाडीच्या धक्क्यानं कुठं आपटायला नको म्हणून त्यांच्या डोक्याभोवती गोधडी खोचली होती. सकाळी दादरला उतरलो.

पहिले बारा दिवस मी तिथंच, परळच्या दवाखान्यात होते, ताई. हे तुमच्या प्रतिक्रियेत नाही. वॉर्डात एकाच माणसाला पास, त्यामुळं मी वर असले की भाऊजी खाली, ते वर गेले की मी खाली. दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळायला पाच दिवस लागले, तोवर फुटपाथवर प्लास्टिक अंथरून झोपलो. आमच्या शेजारी यवतमाळची एक आजी होती, पलीकडं बिहारचं कुटुंब, चूल एकाची आणि पीठ दुसऱ्याचं. तिथं कुणी कुणाला विचारत नाही, 'तुमच्यात उशाशी कोण बसतं?' विचारतात, 'आज डबा कुणाचा? रक्त कोण देणार?'

उपचार दोन गोष्टींचा होता. एक एट्रा नावाच्या कॅप्सूल आणि दुसरं आर्सेनिकचं सलाईन. आर्सेनिक म्हणजे आपला सोमल. सासूबाईंना फोनवर मी भोळेपणानं तसंच सांगितलं, आणि त्या फोन टाकून वाड्यात येऊन ओरडायला लागल्या, "माझ्या लेकराला सोमल घालायलेत!" उंदराला घालतात तो सोमल त्यांना माहीत. मग नातवानं मोबाईलवर वाचून त्यांना समजावलं. दोन दिवस तरी त्या नीट जेवल्या नाहीत.

आता ते बारा दिवस.

सर्वपित्री अमावास्येच्या रात्री मी एकटी परतीच्या गाडीत बसले. कारणं तीन होती. पहिलं, शिधापत्रिका. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचारासाठी कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण आमच्या केशरी शिधापत्रिकेवर ह्यांचं नाव एका तऱ्हेनं आणि आधारवर दुसऱ्या तऱ्हेनं. दवाखान्यातल्या आरोग्यमित्रानं, म्हणजे योजनेच्या मदतनीसानं, कागद बघून सांगितलं, नाव जुळल्याशिवाय मंजुरी अडकेल. हे काम फोनवर होणारं नव्हतं. सहीला मीच लागणार होते, कारण कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून माझं नाव आहे. चार हेलपाटे झाले. पाचव्या वेळी कागद हातात पडला आणि भाऊजींना त्याचा फोटो पाठवताना माझा अंगठा स्क्रीनवर नीट टेकत नव्हता.

दुसरं, सोयाबीन. तुम्हाला ह्याचाच जास्त राग आलाय. चार एकर उभं होतं. वाळलेलं सोयाबीन रानात जास्त दिवस राहिलं की शेंगा तडकतात आणि दाणा मातीत जातो. वर परतीचा पाऊस डोक्यावर. ते पीक म्हणजे आमचं वर्षाचं खाणं, लेकराची फी आणि त्या क्षणी ह्यांच्या औषधाचा पैसा. गुत्तं देऊन काढणी केली, काढलेल्या पिकाची बनीम म्हणजे गंजी लावली. दोन रात्री पाऊस आला तेव्हा मी आणि थोरला, दोघं ताडपत्रीची टोकं धरून उभे होतो. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण त्यासाठी नोंदणी करून थांबायला मला दिवस नव्हते. मोंढ्यात आडतीवर ४,१५० नं घातलं आणि त्याच संध्याकाळी पैसे मुंबईला पाठवले. ताई, तो पैसा ह्यांच्या उशाशीच पोचला.

तिसरं कारण लेकरं. थोरला दहावीत, धाकटी चौथीत. आईबाप दोघंही नाहीत आणि रोज कुणीतरी येऊन 'आता काय होणार' म्हणत पदर डोळ्याला लावतंय, अशा घरात ती दोन आठवडे होती. धाकटीनं मला पाहिल्यावर पहिलं विचारलं, "पप्पाचे केस गेले का?" ह्या उपचारात केस तसे जात नाहीत, हे तिला सांगितलं तेव्हा ती खेळायला गेली. तेवढंच तिला हवं होतं. ते सांगायलाही कुणीतरी घरी लागतं ना?

आणखी एक काम मी गावात बसूनच केलं, आणि ते परळला बसून इतकं जमलं नसतं. प्लेटलेट. ह्यांना पहिल्या तीन आठवड्यांत त्या वारंवार चढवाव्या लागल्या. एका दात्याकडून मशीनवर काढलेली पिशवी म्हणजे एसडीपी. साध्या रक्तदानातून निघणाऱ्या साधारण सहा पिशव्यांची बरोबरी ती एक करते. पण प्लेटलेट पाच दिवसांवर टिकत नाहीत, त्यामुळं आधीच साठवून ठेवता येत नाहीत. दाता ऐनवेळी हजर लागतो. तासा-दीड तासाचं काम, वजन पन्नासच्या वर हवं, हाताची शीर चांगली हवी, मागच्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नको. एकदा दिल्यावर पुन्हा द्यायला निदान ४८ तास जावे लागतात. मी धाकटीच्या वहीची मागची पानं घेतली. आमच्या आणि शेजारच्या गावांतली जी पोरं पनवेल, कळंबोली, ठाण्याला कामाला आहेत, त्यांच्या आईबापांच्या घरी गेले, नंबर घेतले. नाव, रक्तगट, वजन, शेवटचं कधी दिलं, सुट्टी कोणत्या वारी. एकोणीस नावं झाली. भाऊजींचा फोन आला की मी वही उघडायची आणि क्रमानं फोन लावायचे. एक पोरगा रात्रपाळी करून थेट आला होता, प्लेटलेट देऊन बाहेर आल्यावर त्यानंच मला फोन केला, "काकू, झालं बरं का, तुम्ही जेवा." ती वही अजून देव्हाऱ्यात आहे.

दर शनिवार-रविवार का नाही गेले, असंही तुम्ही विचारलंय. जाऊन-येऊन दोन रात्री आणि हजार किलोमीटरच्या आसपास होतं. रेल्वेची सवलत चांगली आहे : कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीत भाडं माफ, सोबत्याला ७५ टक्के सूट. पण सोबत्याची सूट रुग्ण बरोबर असेल तरच. मी एकटी गेले की पूर्ण तिकीट.

रोज रात्री नऊला ह्यांचा फोन यायचा. मला वाटायचं दुखण्याबद्दल बोलतील. ते विचारायचे, "ओल किती लागली?" सोयाबीन आडतीवर नेलं की आधी ओलावा मोजतात, बारा टक्क्यांच्या वर गेला की भाव तोडतात. मी म्हणायची, साडेतेरा. "अजून एक ऊन दे." एकदा मी मळणी यंत्र चालू असतानाच फोन उचलला आणि ऐकू येईना म्हणून बाजूला जायला लागले, तर म्हणाले, "तिथंच थांब. बंद करू नको." दोन-तीन मिनिटं ते काहीच बोलले नाहीत. त्या यंत्राचा आवाज ऐकत होते. भाऊजींनी नंतर सांगितलं, त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा पूर्ण भाकरी खाल्ली.

पण तुमचं एक म्हणणं खरं आहे, आणि ते मी टाळणार नाही. पाच ऑक्टोबरची रात्र. दीडच्या सुमाराला भाऊजींचा फोन आला, ह्यांना श्वास घेता येईना, अंगावर सूज, ताप. ह्या औषधांनी रोगी पेशी पक्व व्हायला लागल्या की काहींना असा त्रास होतो, डॉक्टर त्यावर लगेच स्टेरॉइड सुरू करतात. हे मला आज माहीत आहे. त्या रात्री माहीत नव्हतं. लेकरं उठतील म्हणून मी गोठ्यात जाऊन बसले. गाडी दुसऱ्या रात्रीची. भाऊजी म्हणत होते, "वहिनी, ऑक्सिजन लावलाय, तुम्ही निघू नका, सकाळी सांगतो." मी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून पहाटेपर्यंत उभी होते, कारण खाली बसलं की उठता येणार नाही असं वाटत होतं. साडेसहाला फोन आला, श्वास बसलाय. त्या रात्री ह्यांनी मला दोनदा हाक मारली म्हणे. ह्यांना ते आठवत नाही. मला भाऊजींनी सांगितलं, आणि ते माझ्यातून जात नाही. त्या रात्री मी तिथं असायला हवं होतं का? होय, ताई. पण नाव जुळवायचा कागद त्या दिवशी अर्धवट होता आणि सोयाबीन रानात होतं. दोन्ही खरं आहे. मला त्यातलं एक निवडून दुसरं खोटं म्हणता येत नाही.

दसरा झाला आणि चौदा तारखेला मी परत परळला गेले. धनत्रयोदशीला त्यांना घरी सोडलं. पुढचे आर्सेनिकचे टप्पे, आठवड्यातले पाच दिवस, चार आठवडे चालू आणि चार आठवडे बंद, हे जवळच्याच शहरात डे-केअरला झाले. तेव्हा मी रोज होते, सलाईन लागायच्या आधी ईसीजी काढतात तेव्हा त्यांचा शर्ट हातात धरून.

तुमच्या प्रतिक्रियेनं एक गोष्ट मात्र झाली. 'उशाशी दिराला बसवलं' हे वाचून मी माझा लेख पुन्हा काढून पाहिला. त्यात भाऊजींबद्दल चार ओळी आहेत. जावेबद्दल एकही नाही. माझी जाऊ, सहा महिन्यांचं बाळ मांडीवर, पाच आठवडे नवऱ्याशिवाय. मी मुंबईला होते तेव्हा माझ्या लेकरांच्या डब्यासह नऊ माणसांचा स्वयंपाक तिनं केला. मी गावी आले त्या दिवशी पहाटे चारला ती चुलीपुढं बसली होती, बाळ पाठीशी बांधलेलं. मी म्हटलं, भाऊजींना आठ दिवस बोलावून घेते, मी जाते. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यांना तिथलं सगळं कळायलंय आता. नव्या माणसाला शिकायला दिवस जातील. राहू द्या." आणि तव्यावरची भाकरी माझ्या ताटात टाकली.

लेखात तिचं आज लिहून घेतलंय. तुम्ही पुन्हा वाचलात तर दुसऱ्या परिच्छेदात सापडेल.