अभ्यासिकेतील वायफाय आणि उपकरणांच्या नोंदीविषयी आपल्या तक्रारीस उत्तर

नमस्कार,

विजापूर रोडवरील आमच्या अभ्यासिकेला अभिप्रायात एक तारा देताना आपण लिहिले आहे की, महिन्याचे शुल्क भरूनही गुरुवारी सकाळी फोनला वायफाय मिळाले नाही, लॅपटॉपला मात्र मिळत होते. काउंटरवर "तुमच्या फोनमध्येच बिघाड आहे" असे सांगून आपल्याला परत पाठवले. आणि फोनचा मॅक ॲड्रेस (वायफायवर उपकरण ओळखण्याचा क्रमांक) लिहून घेणे हा आपल्या खासगी बाबींत हस्तक्षेप आहे, असेही आपले म्हणणे आहे. यातील पहिल्या दोन्ही बाबतींत चूक आमची आहे. ऐन सराव परीक्षेच्या वेळी आपला खोळंबा झाला, त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो.

आपल्या फोनमध्ये कोणताही बिघाड नाही. बुधवारी रात्री आम्ही वरच्या मजल्यावर दुसरा राऊटर बसवला आणि त्याच वेळी वायफायचे नाव बदलले. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून बहुतेक फोन आपला मूळ मॅक ॲड्रेस उघड करत नाहीत. प्रत्येक वायफायसाठी ते स्वतःच एक वेगळा ॲड्रेस तयार करतात, आणि नाव बदलले की फोनच्या लेखी ते वायफाय नवे ठरते. त्यामुळे सोमवारी आपण नोंदवलेला ॲड्रेस गुरुवारी राहिला नाही आणि ज्या नोंदवलेल्या उपकरणांनाच वायफाय मिळते त्या यादीबाहेरचा समजून राऊटरने आपला फोन नाकारला. विंडोजच्या लॅपटॉपमध्ये ही सोय सहसा बंद असते, म्हणून तो चालू राहिला. लॅपटॉप चालतो आणि फोन चालत नाही, एवढे ऐकूनच आमच्या माणसाच्या हे लक्षात यायला हवे होते. त्याला ते शिकवलेले नव्हते, ही जबाबदारी माझी.

खासगीपणाबद्दलची आपली काळजी मला रास्त वाटते. आमच्या वहीत सदस्याचे नाव, आसन क्रमांक आणि १२ अंक-अक्षरांचा तो ॲड्रेस एवढेच असते. आपण काय वाचता किंवा कोणते संकेतस्थळ उघडता, हे त्या यादीवरून कळत नाही. सदस्यत्व संपले की ती नोंद आम्ही खोडतो. हे फलकावर लिहायला हवे होते, ते आता लिहिले आहे.

यादीमुळे वायफाय सुरक्षित होते, असा माझाही दावा नाही. पासवर्ड असलेल्या वायफायमध्येही मॅक ॲड्रेस हवेतून उघडाच जातो, आणि माहीतगार माणूस तो टिपून स्वतःच्या यंत्राला लावू शकतो. कुलपाचे काम पासवर्डच करतो. यादी सुरू केली ती वेगळ्या कारणाने: एकाला दिलेला पासवर्ड दुसऱ्या दिवशी आसपासच्या खोल्यांपर्यंत पोहोचत असे, आणि बार्शी, मोहोळ, मंगळवेढ्याहून येऊन इथे राहणाऱ्या मुलामुलींना सायंकाळी व्याख्यानाचा व्हिडिओसुद्धा धड दिसत नसे. दर महिन्याला पासवर्ड बदलण्याची आपली सूचना आम्ही पूर्वी करून पाहिली आहे. नवा पासवर्डही तसाच पसरला.

म्हणून येत्या १ तारखेपासून प्रत्येक सदस्याला स्वतःचे वापरकर्ता-नाव आणि स्वतःचा पासवर्ड मिळेल. मग फोनने कोणताही ॲड्रेस दाखवला तरी अडचण येणार नाही, आणि एखाद्याचा पासवर्ड बाहेर गेला तर इतरांना त्रास न देता तेवढाच बंद करता येईल. सदस्यांच्या फोनची यादी त्या दिवशी रद्द होईल. प्रिंटर आणि हजेरीच्या यंत्रापुरती ती राहील, कारण त्यांचे ॲड्रेस बदलत नाहीत. एका सदस्याला एका वेळी दोनच उपकरणे, हा नियम मात्र मी बदलणार नाही. जोडणी एकच आहे आणि ती सगळ्यांना पुरली पाहिजे.

तोपर्यंत फोनच्या सेटिंगमध्ये आमच्या वायफायपुरता खासगी (फोनने स्वतः तयार केलेला) ॲड्रेस बंद करावा, किंवा तो तसाच ठेवून नवा ॲड्रेस काउंटरवर द्यावा. दोन्ही आम्हाला चालेल. गुरुवार ते रविवार या चार दिवसांचे शुल्क आपल्या पुढील महिन्याच्या पावतीत वजा केले आहे.

आपला,
अभ्यासिका चालक, सोलापूर