नागपूरच्या मे महिन्यात सायंकाळचा व्यायाम नकोच

एप्रिल लागला की व्यायामाच्या वेळेविषयीचे सल्ले सुरू होतात आणि त्यांतील बरेचसे पुण्या-मुंबईच्या हवेवर बेतलेले असतात. "सकाळी जमत नसेल तर सूर्य मावळल्यावर जा" हा त्यांपैकीच एक. नागपूर, चंद्रपूर, अकोला या पट्ट्यातील लोकांनी तो मे महिन्यात तरी मनावर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्याकडे मेच्या मध्यास सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, परंतु त्याने उकाडा मावळत नाही. दिवसभर ४३-४४ अंशांत भाजून निघालेले सिमेंटचे रस्ते, कंपाउंडच्या भिंती आणि गच्च्या रात्री उशिरापर्यंत उष्णता बाहेर टाकत राहतात. आठ वाजतासुद्धा पारा ३६-३७ च्या आसपास असू शकतो. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश धरले, तर अशा वेळी शरीराला आपली उष्णता हवेत सोडता येत नाही, उलट हवेचीच उष्णता शरीरात येते, आणि मग सगळा भार एकट्या घामावर पडतो.

सायंकाळच्या बाजूने एक मुद्दा नेहमी मांडला जातो आणि तो खोटा नाही. दिवसाच्या उत्तरार्धात शरीराचे तापमान थोडे वाढलेले असते, स्नायू सैल झालेले असतात, त्यामुळे धावणे किंवा वजन उचलणे त्या वेळी अधिक चांगले जमते. डिसेंबरात हा युक्तिवाद मी आनंदाने मान्य करीन. मे महिन्यात मात्र आधीच तापलेले शरीर घेऊन गरम हवेत उतरण्यात कसला लाभ? २०१९ मध्ये दोहा येथील जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत उन्हाचा त्रास टाळण्यासाठी महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री ठेवण्यात आली, तरीही उष्ण-दमट हवेमुळे ६८ पैकी २८ धावपटूंना शर्यत अर्धवट सोडावी लागली. त्या तर सराव केलेल्या खेळाडू होत्या.

दिवसातील सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या आसपास असते. मेच्या मध्यास नागपुरात सूर्योदय सुमारे ५.३५ ला होतो, मुंबईत त्यानंतर अर्ध्या तासाने. म्हणजे "सहाला निघू" हा मुंबईकराचा बेत इकडे उशिराचा ठरतो. अंबाझरी किंवा फुटाळा तलावाकडे पाचला निघून साडेसहापर्यंत परतावे, हे उत्तम. मुंबई-कोकणात सकाळी आर्द्रता ८०-८५ टक्के दिसते म्हणून काही जण पहाट टाळतात. पण हवा थंड झाली की ही टक्केवारी आपोआप वाढते, हवेतील बाष्प तेवढ्या प्रमाणात वाढलेले नसते. तिकडेही पहाटच बरी, फक्त समुद्रावरच्या वाऱ्यामुळे सायंकाळ आमच्याइतकी असह्य नसते, एवढेच.

खरी अडचण झोपेची आहे आणि तिच्याविषयी सल्ला देणारे फारसे बोलत नाहीत. खोली मध्यरात्रीपर्यंत तापलेली, जेवणे दहाला, त्यात वीज गेली की कूलर बंद. अशा घरातील माणसाला साडेचारला उठण्याचा उपदेश करणे सोपे आहे. झोप पुरती झाली नसेल तर त्या दिवशी बाहेर पडूच नये, पहाटेच्या गारव्यात घरीच हलके सूर्यनमस्कार घालावेत. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी तर नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, गाठूच नये. उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात, तेव्हा हा सराव मार्चमध्येच वाढवत न्यावा. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

सायंकाळच घट्ट धरून बसलेल्यांना एक गोष्ट सांगतो. दारे-खिडक्या लावून कूलरसमोर व्यायाम करू नका. कूलर खोलीत सतत बाष्प सोडतो, ते बाहेर गेले नाही तर घाम वाळत नाही आणि गार वाटण्याऐवजी जीव घाबरा होतो. खिडकी उघडी ठेवा, आणि मृग बरसेपर्यंत धावणे पहाटेवरच सोपवा.